पाठमोरी खुर्ची

एखाद्या परक्या माणसानं तुम्हाला विचारलं, 'शाळेबाहेर तुम्ही असं काय केलंत, की आम्ही तुम्हाला आमच्या दारातून आत घ्यावं?' तर तुम्ही काय सांगाल? जे केलंत ते, की जे ऐकायला त्याला आवडेल ते?

घाई करू नका. मलाही हा प्रश्न विचारला गेला होता आणि माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. तरी एका माणसानं खुर्ची फिरवून ती सगळी नापास केली. आज त्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

आमच्या घाटंजी गावात त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. हायस्कुलातून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, बिनघंटीच्या सायकलवर फिरणारे. घंटीऐवजी ते स्वतः ओरडत, 'आलो बाप्पा, आलो!' घंटी का लावत नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "घंटीले कोनाचं नाव घेता येते काय?" आणि खरंच, रस्त्यावरच्या माणसाचं नाव माहीत असेल तर ते नाव घेऊनच ओरडत. "सरक व सुमन, आलो!" सुमन सरकायची, आणि वर चार शब्दही सुनावायची.

जिल्ह्यात ते प्रसिद्ध होते ते मात्र वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून. स्पर्धा सुरू झाली की बाकीचे परीक्षक स्टेजकडे तोंड करून, पेन सरसावून बसत. सर उठत, आपली खुर्ची उचलत, तिचं तोंड फिरवत आणि स्टेजकडे पाठ करून श्रोत्यांसमोर बसत. शेवटचं भाषण संपेपर्यंत ते बोलणाऱ्याचं तोंड पाहत नसत. पाहत फक्त ऐकणाऱ्यांची तोंडं. काही लोक म्हणत, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून ही नाटकं. ते सरांच्याही कानावर होतं. ते म्हणत, "ऐकू येते. पन मले ऐकू येऊन काय फायदा? भाषन मायासाठी हाय काय?"

माझी त्यांची पहिली गाठ यवतमाळच्या एका स्पर्धेत पडली. मी तेव्हा अकरावीत होते. माझे बाबा पुस्तकं विकतात. दुकान नाही, आठवडी बाजारात ताडपत्री, आणि जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत एक टेबल. बहुतेक पातळ पुस्तिका, पत्रकं, पंचशील, भाषणांचे संग्रह. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. साहजिकच माझ्या भाषणात आग असायची. त्या दिवशी मी स्त्रीमुक्तीवर बोलले. टेबलावर मूठ आपटली. शेवटी घोषणा दिली. टाळ्या झाल्या. दोन परीक्षकांनी मला पहिलं ठेवलं. सरांनी शेवटून दुसरं. बेरीज झाली आणि माझा नंबर गेला.

मी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, आपण माझं भाषण पाहिलंच नाही."

"भाषन पाहाची चीज हाय काय?"

"आपण पाठ करून बसला होता. हा स्पर्धकाचा अपमान आहे."

"तू घाटंजीची ना? मंग घरी बोलते तशी बोल." त्यांनी चष्मा पुसला. "ऐक. तू 'पेटून उठा' म्हनली, तवा चौथ्या रांगेतली पोरगी नखं खाऊन राह्यली होती. तू मूठ आपटली, तवा दोघं दचकले. अन् मधात तुले ठसका लागला, तू पानी प्याली, तवा सारा हॉल तुह्याकडं पाहून राह्यला होता. आता सांग, तुह्या पान्याले मार्क देऊ काय?"

मी रडले नाही. रागानं माझं डोकं फुटायचं बाकी होतं. बसमध्ये मी सरांच्या निषेधाचं अख्खं पत्रक मनात लिहून काढलं. वाटेतलं जोडमोहा गाव येईस्तोवर मात्र मला सारखी ती चौथ्या रांगेतली पोरगी दिसायला लागली. मी तिच्यासाठीच तर बोलत होते ना? मग ती नखं का खात होती?

सर गोड माणूस नव्हते, हे सांगून टाकते. कळंबच्या एका स्पर्धेत पाठ केलेलं भाषण विसरलेल्या मुलानं घाबरून आपल्या हरवलेल्या बकरीची हकिकत सांगितली. सगळं सभागृह बकरीमागं धावलं. सरांनी त्याला पहिला नंबर दिला आणि आयोजकांनी पुढे कितीतरी दिवस सरांना बोलावणं बंद केलं. हे ऐकायला छान वाटतं. पण त्याच दिवशी त्यांनी एका मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुह्यं भाषन तुह्या मास्तरनं लिवलं, त्यालेच पाठवाचं होतं." ती हमसून रडली. सरांना समजूत घालता येत नसे. दुसऱ्या दिवशी ते सायकलवर पिशवीभर बोरं घेऊन तिच्या गावी गेले, पिशवी तिच्या आईच्या हाती दिली आणि एक शब्द न बोलता परत आले. माफी मागण्याची त्यांना एवढीच पद्धत येत होती. 

त्यांच्या घरात कप-ढालींचा ढीग होता, स्वतःच्या तरुणपणातला. सगळ्यात मोठा कप तुरीच्या डाळीच्या डब्यात माप म्हणून होता. एका कपात मांजरीला पाणी. एक ढाल मागच्या दाराला टेकू म्हणून लावलेली. मी म्हटलं, "सर, याची शरम नाही वाटत?" ते म्हणाले, "पयले वाटे. आता डाय मोजतो."

त्यांची आणखी एक खोड बाबांना फार छळायची. बाजाराच्या दिवशी सर आमच्या ताडपत्रीवर येत, एखादी नवीन पुस्तिका उचलत आणि तिथूनच चार पावलांवर बसलेल्या मिरचीवालीला मोठ्यानं वाचून दाखवत. ती मिरच्या तोलत असे. वाचता वाचता सर तिच्या तराजूकडे बघत. तराजू थांबला तर पुस्तिका विकत घेत. नाही थांबला तर पुस्तिका परत ठेवत आणि बाबांना म्हणत, "भाऊ, हे तुमी कोनाले विकता?"

बाबा चिडत. "सर, इच्यात विचार आहे. मिरचीशी काय संबंध?"

"विचार हाय ना? मंग तिच्यापावतर पोचला काहून नाई?"

मिरचीवाली म्हणे, "वाचा ना वो सर, गिऱ्हाइक नाई आता. मांगच्या बाजारची ती सासूची लय झकास होती." ती सासूची म्हणजे हुंडाबंदीवरची पुस्तिका होती. बाबांनी पुढच्या खेपेला त्या पुस्तिकेच्या जास्त प्रती आणल्या. सरांना हे कधी सांगितलं मात्र नाही.

आता निबंधाकडे येते.

बारावी झाल्यावर मला कायदा आणि राज्यशास्त्र शिकायचं होतं. आमच्या गावच्या कॉलेजात नाव घातलं असतं तर ते विषय शिकवायला माणूसच नव्हता. दूरच्या शहरात एक मोठं खासगी विद्यापीठ होतं. तिथली शिष्यवृत्ती मिळाली तर शिकणं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे. मिळाली नाही तर त्या दाराकडे बघायचंही कारण नव्हतं. त्यांच्या अर्जात एक निबंध होता: वर्गाबाहेरच्या ज्या एका उपक्रमानं तुम्हाला घडवलं, त्याबद्दल सहाशे शब्दांत लिहा.

एका उपक्रमाबद्दल! हा प्रश्न कोणी कोणासाठी तयार केला, याचा विचार करा. ज्यांच्या घरी गाडीवाला पियानो शिकायला नेतो, त्यांच्यासाठी शाळेबाहेरच्या वेळेला 'उपक्रम' हा शब्द आहे. ज्या घरात पोरगी शाळेतून आली की सरपण, पाणी, धाकटा भाऊ, त्या घरात त्या वेळेला काही नाव नाही. आणि मग आपल्यासारख्यांसाठी विद्यापीठानं दयाळूपणे मागची खिडकी उघडी ठेवलेली असते. तिथून आपण आपलं दारिद्र्य आत सरकवायचं. मी म्हणते, दारिद्र्य हा उपक्रम नाही. ते कोणीतरी आपल्यावर केलेलं काम आहे.

हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तरी मला ती जागा हवी होती. दोन्ही खरं होतं.

गावाकडच्या मुलांना अर्ज भरायला मदत करणाऱ्या एका संस्थेतली एक ताई मला व्हिडिओ कॉलवर शिकवायची. मनानं चांगली होती. मी तिला माझी यादी वाचून दाखवली: वक्तृत्वाचे कप, एनएसएसचं शिबिर, कॉलेजचं भित्तिपत्रक. ती म्हणाली, "हे सगळे लिहितात गं. तुझी स्टोरी स्ट्राँग आहे, ती बाहेर काढ. आई कापूस वेचते ना? तिचे हात डोळ्यांसमोर आण. त्या बायकांसाठी तू काय करतेस ते लिही."

मी दोन निबंध लिहिले. पहिला वक्तृत्वाचा. दुसरा ताईला हवा तसा. त्यात आईच्या हातांच्या चिरा होत्या, आणि 'थकलेल्या डोळ्यांच्या एका वृद्ध, अशिक्षित मजूर स्त्री'चं वर्णन होतं, जी माझ्याकडे आशेनं बघते. ताईला तो वाचून भरून आलं. मला तो लिहून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी मी दोन्ही निबंध घेऊन सरांकडे गेले.

सर ओसरीत डाळ निवडत बसले होते. माझ्याकडे अर्धी पाठ फिरवून, ताट मांडीवर घेऊन म्हणाले, "वाच. इंग्रजीत नको. मराठीत सांगत वाच."

मी वक्तृत्वाचा वाचला. त्यांची बोटं खडे शोधत राहिली. शेवटपर्यंत एकदाही थांबली नाहीत.

"दुसरा."

दुसरा वाचला. 'थकलेल्या डोळ्यांची' म्हटलं आणि बोटं थांबली. मला वाटलं, जिंकले.

"हे कोन बाई?"

"शेवंताआजी. आमच्या घरामागं राहते."

"तिले माहीत हाय काय, तिचे डोये थकले म्हून?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"तिले हे वाचून दाखोलं?"

"सर, हे इंग्रजीत आहे. तिला काय कळणार?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मानसाच्या माघारी त्याच्याबद्दल बोलाचं, अन् तेबी त्याले समजनार नाई अशा भाषेत. आपल्याकडं याले काय म्हन्तात?"

"चहाडी," मी म्हटलं.

"मंग चहाडी करून कॉलेजात जाशीन?"

मी चिडले. चिडायचा मला हक्क होता. म्हटलं, "सर, तुमच्यासाठी सोपं आहे. तुम्हाला कुठं अर्ज करायचाय? कप लिहिले तर सगळ्यांसारखे, गरिबी लिहिली तर चहाडी. मग मी लिहू काय?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "तुह्ये बाबा मले बाजारात सांगत होते, पोरगी रोज संध्याकायी विहारात असते म्हून. तठी काय करते?"

"ते उपक्रम नाही सर. तो वर्षावास आहे."

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी बुद्धांच्या जीवनाचा आणि धम्माचा ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या वॉर्डात आठवीपासून मीच वाचते, कारण माझा आवाज मोठा आहे. शेवटच्या दिवशी समारोप होतो, खीर होते.

"मंग हे काहून नाई लिवलं?"

खरं कारण मला सांगायचं नव्हतं. पण सरांसमोर गप्प बसलं की ते जास्तच वेळ गप्प बसत. म्हणून सांगितलं. आमचा ग्रंथ कधीच वेळेवर संपत नाही. पलीकडच्या वॉर्डातल्या विहारात पौर्णिमेच्या आधीच शेवटचं पान होतं. आमच्याकडे खीर खाऊन होते आणि ग्रंथ शिल्लक राहतो. मग कार्तिक उजाडला तरी आम्ही वाचतोच आहोत. पलीकडचे हसतात. एवढं साधं काम पूर्ण करता येत नाही, हे विद्यापीठाला कशाला सांगायचं?

"काहून नाई संपत?"

"बायका उशिरा येतात. कोणी निंदणावरून, कोणी भाकरी टाकून. आणि आमच्याकडे पहिल्यापासूनच असं आहे, की जी उशिरा येते ती दारातूनच विचारते, 'कुठी आली व?' म्हणजे वाचन कुठवर आलं. मग वाचन थांबवून तिला मागचं सगळं सांगायचं. ती बसली की दुसरी येते."

सर उठले. मापाचा कप डाळीच्या डब्यात टाकला. "मी उद्या येतो. चालते काय ते इचारून ठेव. आपल्या मनानं हो म्हनू नको."

मी आईला विचारलं, आईनं बायकांना. शेवंताआजी म्हणाली, "येऊ दे. दार काय त्याच्यासाठी येगळं हाय?"

सर आले. जोडे काढले, मूर्तीसमोर हात जोडले. कोणीतरी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यासमोर मांडली. त्यांनी ती उचलली, फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बायकांसमोर बसले.

हशा झाला. सुमनमावशी म्हणाली, "अवो सर, वाचनारी तिकडं हाय!"

"मी तुमाले पाहाले आलो."

"आमाले पाहून काय कराचं? या वयात स्थळ आनलं काय?"

"आनलं असतं," सर म्हणाले, "पन तुमी हुंडा मागसान."

हसू ओसरल्यावर मी वाचायला लागले. अर्ध्या पानावर आले नाही तोच दारात सुरेखामावशी. "कुठी आली व?" थांबले, मागचं सांगितलं. पुन्हा सुरू. मग आणखी एक. सोयाबीनच्या सवंगणीचे, कापणीचे दिवस होते, कोणाच्याच येण्याला धरबंध नव्हता. शेवटी शेवंताआजी आली, काठी टेकत. "कुठी आली व पोरी?" मी सांगायला लागले तर मधेच सुमनमावशी म्हणाली, "तसं नाई, मघा तू सांगतलं तवा राजा आधी रागावला होता." सुरेखामावशी म्हणाली, "रागावला नाई, लाजला." आई म्हणाली, "दोन्ही. मानूस लाजला का रागावते." आणि ग्रंथातला तो राजा बाजूला राहून सगळ्यांचे नवरे चर्चेला आले. शेवंताआजीला कळेपर्यंत कोणी पुढं जाऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी आमचं पुरतं एक पानही झालं नाही.

मला शरम वाटत होती. सरांची पाठ तेवढी दिसत होती. ती जरासुद्धा हलत नव्हती.

बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "तुले आज कोनी टाया वाजवल्या नाई."

"नाही."

"अन् कोनी नखंबी खाल्ले नाई." मग सायकलवर बसून, "हे लिव," एवढं म्हणून निघाले. कोपऱ्यावरून त्यांचं 'आलो बाप्पा, आलो' ऐकू आलं.

पण मी लिहिणार नव्हते. तत्त्वानं. कप देईन, शिबिर देईन, विहार देणार नाही. आमच्या माणसांनी किती सोसून ते दार उभं केलं, ते परक्या प्राध्यापकांसमोर मांडून जागा मिळवायची? दुसऱ्या दिवशी मी सरांना हे तोंडावर सांगितलं. चांगलं बोलले मी. आग होती त्यात.

सर म्हणाले, "बराबर हाय. पन विहार एकट्या तुह्या मालकीचा हाय काय? द्याचा का नाई, हे तू एकटी कशी ठरवते? त्याईले इचार. लिवून ने, वाचून दाखव, अन् मंग त्याईनं नाई म्हटलं तर फाडून टाक."

त्या रात्री मी वही उघडली.

मी तिसरा निबंध लिहिला. आधी मराठीत. विहारातलं त्या दिवशीचं वाचन संपल्यावर तोच मी उभी राहून वाचायला लागले. सर खुर्ची फिरवून बसलेलेच होते. पहिल्या ओळींतच मी लिहिलं होतं, 'आमच्या विहारात अशिक्षित, कष्टकरी स्त्रिया येतात.'

"थांब," शेवंताआजी म्हणाली. "अशिक्षित म्हंजे अडानी ना?"

"म्हणजे... वाचता न येणारी, आजी."

"मले वाचता येत नाई, हे खरं. पन मले सोडून वाचन फुडं जात नाई, हेबी खरं. तू पयलं लिवलं, दुसरं काहून नाई लिवलं?"

पुढं डोळ्यांचं वाक्य मी अजून ठेवलं होतं. सोडवत नव्हतं. आजी म्हणाली, "थकले नाई माये, मोतीबिंदू हाय. काढाचा हाय दिवाळीनंतर. तेच लिव."

आई पुढं सरकली. म्हणाली, "अन् माया हाताच्या चिरा कायले लिवल्या? कापसाच्या टायमाले साऱ्याइलेच पडतात. त्याच्यासाठी तुले घेनार हायत काय ते?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग काढ."

एक एक करून सगळं गेलं. कष्ट गेले, आशेनं बघणं गेलं, 'मी त्यांच्या आयुष्यात प्रकाश आणते' हे तर सुमनमावशीनं हसूनच घालवलं. "लाइट गेली का तूच मले टॉर्च मागते व!" उरलं ते एवढंच: एक वाचणारी, बऱ्याच ऐकणाऱ्या, आणि उशिरा येणारीला मागे न सोडण्याची पद्धत, जिच्यामुळे ग्रंथ संपत नाही. कोणीतरी म्हणालं, "सर, तुमी सांगा ना, बराबर हाय का नाई?"

सर म्हणाले, "मी परीक्षक हाय. मले बोलाची परवानगी नाई."

शेवटी शेवंताआजीनं निकाल दिला. "आता धाड."

ताईला तो निबंध आवडला नाही. "फ्लॅट झालाय गं. यात तुझा संघर्ष कुठंय?" मी तिला सांगितलं, की माझा संघर्ष सहाशे शब्दांत मावला असता तर तो आम्ही केव्हाच जिंकला असता. निबंध होता तसाच पाठवला. धाडस वगैरे काही नाही. त्या एका बटणावर माझं सगळं शिक्षण टांगलेलं होतं.

मुलाखत झाली. एका प्राध्यापिकेनं विचारलं, "ग्रंथ वेळेत संपत नाही, मग शेवट कोणी ऐकतच नाही का?" मी म्हटलं, "ऐकतात. कार्तिकात. खीर संपलेली असते, माणसं असतात." तिचं पेन थांबलेलं मला स्क्रीनवर दिसलं.

मला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. मी पेढे घेऊन सरांकडे पळत गेले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा मांजरीला दिला आणि म्हणाले, "आता आषाढात वाचनार कोन?"

अभिनंदन नाही, काही नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. पण त्यांनी विचारलं नसतं तर कोण विचारणार होतं? सगळे मला बाहेर पाठवण्याच्या आनंदात होते. निघायच्या आधीचे सगळे दिवस मी सुमनमावशीच्या मुलीला वाचायला बसवलं. ती अडखळायची, जोडाक्षर आलं की रडवेली व्हायची. आई फोनवर सांगायची, की त्या वर्षीच्या वर्षावासात सर रोज येऊन बसले, त्याच पाठमोऱ्या खुर्चीत, ती पोरगी न अडखळता वाचेपर्यंत. तिला त्यांनी काही शिकवलं नाही. फक्त ती अडखळली की समोरच्या बायकांना विचारत, "समजलं काय?" बायका म्हणत, "समजलं." आणि ती पुढं वाचे.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. मी गावी पोचले ती थेट शोकसभेला. शाळेचं पटांगण, स्टेज, माइक, आणि स्टेजच्या पुढं टेबलावर हार घातलेला त्यांचा फोटो. एकामागून एक माणसं उठली आणि बोलली. 'अजातशत्रू' म्हणाले कोणी. सर, अजातशत्रू! निम्म्या जिल्ह्यातले हरलेले वक्ते तिथं बसले होते.

माझी पाळी आली. स्टेजवर चढले आणि माझ्या लक्षात आलं. फोटो लोकांकडे तोंड करून ठेवला होता, तसाच ठेवतात. म्हणजे सर आजही स्टेजकडे पाठ करून बसले होते. सभेतल्या सगळ्यांची तोंडं पाहत.

मी लिहून आणलेलं घडी करून ठेवलं. बकरीचं सांगायला लागले. मग बोरांचं. मिरचीवाली तिसऱ्या रांगेत होती, तिनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागून, पटांगणाच्या फाटकातून, काठीचा आवाज आला आणि त्यामागून आवाज, सगळ्या सभेला ऐकू जाईल असा:

"कुठी आली व पोरी?"

लोक चपापले. अध्यक्षांनी मागे वळून बघितलं. मी माइकवर थांबले आणि म्हणाले, "आजी, बोरांपावतर आली. आधी बकरीचं झालं." आणि बकरी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. कोणी उठलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, शेजारी एखादं लेकरू यंदा असाच निबंध लिहीत असेल. त्याचं व्याकरण तपासू नका, त्याला 'स्टोरी' शोधून देऊ नका. त्याला विचारा, यात कोण कोण आहे? मग त्या माणसांना एका जागी बसवा, आणि त्यांच्या भाषेत तो निबंध त्याला मोठ्यानं वाचायला लावा. ती जे काढ म्हणतील ते काढू द्या. आणि तुम्ही तिथं असाल, तर उठा, आपली खुर्ची फिरवा, आणि पाठ करून बसा.